हजेरी लागली, शिकणं राहिलं

२०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. तो २३ मार्चला व्हायचा होता. टाळेबंदीच्या तोंडावर आधी पुढे ढकलला गेला, मग एप्रिलमध्ये रद्द झाला आणि त्या विषयाला सरासरीने गुण मिळाले. प्रश्न एका पेपरचा होता, इलाज नव्हता, म्हणून कुणी फारशी खळखळ केली नाही. पण मुलाला काय येतं हे न पाहताच त्याला पुढे पाठवायची सुरुवात तिथून झाली. पुढच्या दोन वर्षांत पालकांनी फी, फोन, डोळे, नेटवर्क अशा शंभर तक्रारी केल्या. त्यांतली सगळ्यात मोलाची तक्रार मात्र ‘आमच्या पोराला नक्की येतंय काय?’ हीच होती, आणि तिचीच तड लागली नाही.

१५ जून २०२० ला महाराष्ट्रात नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं ते घंटेविना. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं म्हणत सरकारी अभ्यासमालेच्या लिंका रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येत होत्या. दीक्षा अ‍ॅप होतं, खासगी शाळांचे झूम आणि गूगल मीटचे वर्ग होते. जुलैमध्ये पहिली ते आठवीसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. घरातल्या माणसांना घेऊन मुलांनी करायच्या कृतींवर तिचा भर होता, आणि टीव्हीवर दिसणारी असल्याने तिला नेटपॅक लागत नव्हता. त्याच महिन्यात पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला. कागदावर पाहिलं तर सरकारने हातपाय हलवले नाहीत असं म्हणता येणार नाही.

घरात चित्र वेगळं होतं. ‘असर’ या पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे अशांचं प्रमाण २०१८ मध्ये देशभरात ३६.५ टक्के होतं; सप्टेंबर २०२० पर्यंत ते ६१.८ टक्क्यांवर गेलं. हातावर पोट असलेल्या काही घरांनी त्या काळात हप्त्यावरही फोन घेतले. पण घरात फोन आहे म्हणजे मुलाच्या हातात फोन आहे, असं नव्हे. बाबा कामावर गेले की फोन त्यांच्या खिशात. दोन भावंडांचा तास एकाच वेळी. मग थोरल्याची दहावी म्हणून फोन त्याला, आणि तिसरीतल्या धाकटीला ‘तू रात्री बघ गं व्हिडिओ’. लहान इयत्तांचं शिक्षण सर्वांत जास्त बुडालं, त्याची सुरुवात घरातल्या या वाटणीपासून झाली.

ज्यांच्याकडे फोनही होता आणि रेंजही, त्या पालकांना मात्र एक अपूर्व गोष्ट मिळाली. वर्ग चालू असताना आत डोकावता आलं. एरवी पालकाला शाळा दिसते ती फाटकापाशी, स्नेहसंमेलनात आणि प्रगतिपुस्तकावर सही करताना. आता आई भाजी निवडता निवडता गणिताचा तास ऐकत होती. ‘मॅडम, आवाज येत नाहीये’, ‘बेटा, तुझा माइक बंद कर’, ‘सगळ्यांना समजलं का?’ आणि चाळीस मुलांचा एका सुरात ‘हो’. पाऊण तासातला किती वेळ शिकवण्यात जातो, ते तिला पहिल्यांदाच दिसलं. डोळे बिघडतील ही काळजी होतीच. जुलैत सरकारने तिसरी ते आठवीला पाऊण तासाची दोन सत्रं आणि नववीपासून पुढे चार, अशी मर्यादा घालून दिली. पण तास किती वेळ चालावा हे ठरवणं सोपं होतं. त्या वेळात मुलाच्या डोक्यात काय उतरलं, ते मोजायची सोय त्या आदेशात नव्हती.

ही उणीव कुठे होती ते गृहपाठाच्या एका फोटोवरून सांगता येतं. दुसरी-तिसरीतल्या मुलाने ५२ वजा २७ हे गणित वहीत सोडवलं, उत्तर २५ लिहिलं, आईने पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. बाईंनी अंगठा दाखवला, वर ‘छान’ असं लिहिलं. उत्तर बरोबरच होतं. पण एक दशक सुटा करून घेणं त्याला जमलं का, की त्याने बोटं मोजली, की ताई बाजूला बसून सांगत होती, हे फोटोत दिसत नाही. वर्गात बाई बाकांमधून फिरतात, मुलाची पेन्सिल थबकलेली बघतात आणि तिथेच वाकून विचारतात, ‘इथे काय केलंस, सांग बरं?’ शिकणं तिथे घडतं. गूगल फॉर्मवरच्या चाचण्यांचंही तेच. चार पर्यायांतला एक निवडायचा आणि खुर्चीमागून आई किंवा दादा खूण करायला हजर. गुण चांगले पडत होते, आणि गुण बघून आईलाच शंका येत होती. त्या काळातल्या पालकांच्या तक्रारींत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, की आपल्या मुलाला जास्त गुण मिळतायत म्हणून ते अस्वस्थ होते.

या सगळ्याचं खापर शिक्षकांवर फोडणं अन्यायाचं होईल. ज्यांनी आयुष्यभर खडू हातात धरला, त्यांना चार दिवसांत स्क्रीन शेअर करायला शिकावं लागलं. अनेक गुरुजी करोनाच्या सर्वेक्षणाच्या कामाला जुंपले गेले होते, आणि उरल्या वेळात त्यांनी शिकवायचं होतं. तरीही काहींनी वाट काढली. सोलापूरच्या नीलमनगर भागात, कामगारांच्या वस्तीत, एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे, पाढे, सूत्रं रंगवून घेतली. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेने कर्ण्यावरून पाठ ऐकवले. कितीतरी गावांत जिल्हा परिषदेचे शिक्षक ओसरीवर, पारावर, देवळात पाच-सात मुलांना घेऊन बसले. या प्रयोगांमध्ये तंत्रज्ञान फारसं नव्हतं. समोर मूल होतं आणि त्याला विचारता येत होतं, एवढाच काय तो फरक.

पालकांचा आवाज मोठा झाला तो फीवरून. मे २०२० मध्ये सरकारने त्या वर्षी फीवाढ करू नका असा आदेश काढला, तो उच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये खासगी शाळांना १५ टक्के फी कमी करायला सांगितलं गेलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान काहीच वापरात नसताना पूर्ण पैसे का भरायचे, हा सवाल रास्त होता. शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे, हा संस्थाचालकांचा सवालही खोटा नव्हता. पण या ओढाताणीत दर्जाची तक्रार पैशांच्या तक्रारीत विरघळली. फी किती कमी झाली, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्या फीच्या बदल्यात मुलं काय शिकली, हे विचारायचं राहून गेलं.

शाळा उघडण्याचा खेळही लांबला. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी असे वर्ग जागोजाग सुरू झाले, आणि दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या व अंतर्गत गुणांवर लागलेला निकाल ९९.९५ टक्के आला, बारावीचा ९९.६३ टक्के. जवळपास त्याच सुमारास, ऑगस्ट २०२१ मध्ये, ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमधल्या सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी होती फक्त ८ टक्के. ३७ टक्के मुलं अजिबात शिकत नव्हती. एका कागदावर जवळजवळ सगळेच पास, दुसऱ्यावर शंभरातली सदतीस मुलं पुस्तकापासून तुटलेली.

प्राथमिकचे वर्ग अखेर डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, ओमायक्रॉनमुळे जानेवारीत परत मिटले आणि महिनाअखेरीस पुन्हा सुरू झाले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात बसलं तेव्हा दुसरीत होतं. मागची उणीव भरून काढायला २०२१ च्या जुलैपासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, पण तेव्हा बहुतेक शाळा बंदच असल्याने तोही अनेकांना फोनवरच मिळाला.

जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलांचा माग ‘असर’च्या आकड्यांमधून काढता येतो. ती २०२२ मध्ये तिसरीत होती. देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होतं. २०२४ मध्ये तिसरीचा आकडा २७.१ टक्क्यांवर आला आणि घसरण भरून निघाली, असा सुस्कारा सोडला गेला. पण २०२४ मधली तिसरीची मुलं पहिलीपासून प्रत्यक्ष शाळेत शिकलेली होती. टाळेबंदीतली मुलं तोवर पाचवीत पोचली होती, आणि दुसरीचा उतारा वाचता येणाऱ्यांचं त्यांच्यातलं प्रमाण ४८.८ टक्के होतं. २०१८ मधल्या पाचवीचं होतं ५०.५. ही मुलं बरीच सावरली आणि त्याचं श्रेय त्यांच्या शिक्षकांना द्यायलाच हवं. तरी पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचं वाचता येत नव्हतं, आणि करोनाच्या आधीही परिस्थिती फार वेगळी नव्हती. टाळेबंदीने आधीचंच दुखणं उघडं पाडलं.

म्हणून त्या दिवसांतला पालकांचा प्रश्न आज पुन्हा विचारायला हवा. शाळा उघडल्या, फोन परत आईबाबांच्या हातात आले आणि आपण पुन्हा फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या बैठकीत गणवेश, सहल आणि फीच्या आधी एवढंच विचारा, की या वर्गातल्या किती मुलांना मागच्या इयत्तेचं पान न अडखळता वाचता येतं आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी कोण, केव्हा, काय करणार आहे. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुलं २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील, आणि त्यांना सरासरीने गुण मिळणार नाहीत.