ऐंशी चाचण्या की सहा?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या तपासणी केंद्रांची पत्रके मी जमवली. सगळीकडे चढाओढ चाचण्यांच्या संख्येची. अँजिओप्लास्टी झालेल्या मामांसाठी निवड करायची होती, म्हणून प्रत्येक चाचणीला एकच प्रश्न लावला : आकडा बिघडला, तर उपचार बदलतील का?

या कसोटीवर उरल्या त्या सहा : रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, एचबीएवनसी, औषधांचा मूत्रपिंडावरील परिणाम दाखवणारी क्रिएटिनिन व पोटॅशियम, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे होणारा छुपा रक्तस्राव सुचवणारे हिमोग्लोबिन. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार अशा रुग्णाचे एलडीएल ५५च्या खाली हवे. अहवालावर मात्र बहुधा १०० ही सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते. म्हणजे ‘नॉर्मल’ ९० मामांसाठी जास्तच.

तक्रार नसताना नेमाने केलेल्या ताणचाचणीचे काय? दक्षिण कोरियात अँजिओप्लास्टी झालेल्या, अधिक जोखमीच्या १,७०६ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने अशी चाचणी केलेल्या आणि न केलेल्या गटांत, दोन वर्षांअखेर मृत्यू वा हृदयविकाराच्या झटक्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

अंतिम यादी अर्थातच मामांच्या डॉक्टरांनी ठरवली. छातीत दडपण आले किंवा धाप लागली, तर मात्र पत्रक बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.