विजेच्या देयकावरील विलंब-आकार

वीज घरांत आली आणि तिच्यामागून महिन्याचें देयकही आलें. तें मुदतींत न भरल्यास महावितरणच्या दरपत्रकाप्रमाणें त्यावर सव्वा टक्का विलंब-आकार बसतो. म्हणजे ८०० रुपयांवर १० रुपये. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, हा आकार म्हणजे व्याज नव्हे. उशीर एका दिवसाचा असो वा वीस दिवसांचा, आकार तोच. व्याज निराळें, तें थकबाकी लांबत गेली म्हणजे सुरू होतें.

पुष्कळ गृहस्थ देयक चुकीचें वाटलें कीं रागानें तें भरीतच नाहींत. राग रास्त असेल, पण मार्ग घातक आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ अन्वयें पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडतां येतो. मग परीक्षेच्या दिवसांत मुलांनीं वाचावें कसें? मात्र त्याच कलमांत तोडगाही आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनें होणारी रक्कम, यांपैकीं जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. म्हणजे वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडतां येत नाहीं. निषेध तोंडी न करतां पत्रानें करावा व पत्राच्या प्रतीवर पोंच घ्यावी.