झाशीचे दहा दरवाजे आणि नव्या शहरातील मोकळी जागा

झाशी : उत्तर प्रदेश सरकारने २०२३ मध्ये बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरणाची स्थापना करून झाशी जिल्ह्यातील ३३ गावांची सुमारे ३५ हजार एकर जमीन त्याच्या कक्षेत आणली. १९७६ मधील नोएडानंतर राज्यात एवढे मोठे औद्योगिक नगर प्रथमच वसवले जात आहे, असे सरकारचे म्हणणे आहे. भूखंड, रस्ते, गुंतवणूक यांची चर्चा सर्वत्र आहे. या नगरात राहायला येणारा माणूस काम संपल्यावर कोठे बसेल, त्याची मुले कोठे खेळतील, वृद्धांना सावलीतून किती अंतर चालता येईल, याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. झाशीला हा प्रश्न नवा नाही.

बंगरा टेकडीवरील किल्ला ओरछाचे राजे वीरसिंहदेव यांनी १६१३ मध्ये बांधला. त्याच्या पायथ्याशी शहर खऱ्या अर्थाने वाढले ते मराठी अमलात. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर येथे आले. नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा आणि मालेगावचा भुईकोट यांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले हेच ते गृहस्थ. त्यांनी किल्ला वाढवला आणि आसपासची वस्ती येथे आणून वसवली. पुढे नेवाळकरांच्या काळात तटबंदीच्या आतील नगर नांदते झाले.

या तटाला दहा दरवाजे होते : खंडेराव, दतिया, उन्नाव, भांडेर, बडागाव, लक्ष्मी, सागर, ओरछा, सैंयर आणि झरना. त्यांतील बहुतेक नावे दरवाजापलीकडच्या गावांची आहेत. (येथील उन्नाव म्हणजे दतियाजवळचे गाव, लखनौजवळचा जिल्हा नव्हे.) परगावचा माणूस कोणत्या दरवाजाने आला, एवढ्यावरून तो कोणत्या वाटेचा, हे कळत असे. दरवाजापासून बाजारापर्यंतचा रस्ता, त्यावरची विहीर, देवळाचा ओटा, घरापुढचा चबुतरा या साखळीतून शहराचे सार्वजनिक जीवन आकाराला आले. चारचौघांनी बसण्याच्या जागेला बुंदेलीत ‘अथाई’ म्हणतात. आपल्याकडच्या पाराचीच ती बहीण. अशा जागेची आखणी कोणा नगररचनाकाराने केलेली नव्हती, तरी तिची मोडतोड कोणी सहज करू धजत नसे.

लक्ष्मी दरवाजाबाहेरचा लक्ष्मी ताल, त्याच्या काठचे महालक्ष्मीचे मंदिर आणि गंगाधररावांची छत्री हे या साखळीचे पूर्वेकडील टोक. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत येथे येऊन राहिले आणि शहराचा वेढाही त्यांनी आतूनच पाहिला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणी लक्ष्मीबाई महालक्ष्मीच्या दर्शनाला कधी पालखीतून, तर कधी घोड्यावरून जात असल्याचे वर्णन आहे. इतिहासाच्या वाचकाला त्यात राणीचे दर्शन घडते. नगररचनेच्या अभ्यासकाला त्यातच आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे वाड्यापासून तळ्यापर्यंतचा सलग, सर्वांच्या नजरेसमोरचा आणि सर्वांना खुला असलेला रस्ता.

ही सलगता १८५८ नंतर तुटली. १८६१ मध्ये इंग्रजांनी जुने शहर व किल्ला शिंद्यांच्या स्वाधीन केला आणि शेजारीच आपले मुलकी ठाणे व छावणी थाटली. तिचे नाव झाशी नौआबाद, म्हणजे नव्याने वसवलेली झाशी. पंचवीस वर्षे एकाच शहराच्या दोन भागांवर दोन सत्ता होत्या. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात जुनी झाशी इंग्रजांकडे परत गेली, तोवर दोन्ही भागांची वळणे पक्की झाली होती. एकीकडे दाट गल्ल्या, दुसरीकडे रुंद रस्ते आणि कुंपणाआडचे बंगले. पाठोपाठ रेल्वे आली, तिचा कारखाना आला आणि लोहमार्गापलीकडे सिपरी बाजार वाढला. आज सदर बाजार, सिव्हिल लाइन्स, सिपरी आणि जुने शहर ही चार वेगवेगळी गावे वाटतात. त्यांना जोडतात ते मुख्यतः वाहनांचे रस्ते. १९०१ मध्ये ५५ हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर गेली. ही वाढ सामावली ती या तुकड्यांच्या मधल्या फटींत.

सार्वजनिक जागेचा दर्जा मोजायचा कसा? केंद्र सरकारची २०१४ ची नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वे दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस करतात. आकडा उपयुक्त आहे, पण शहराबाहेर एकच विस्तीर्ण उद्यान करूनही तो कागदावर पुरा करता येतो. अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधील चौकांचे चित्रण करून १९८० मध्ये एक साधा निष्कर्ष मांडला होता : लोक तेथेच बसतात, जेथे बसण्याची सोय असते. झाशीत त्याला सावलीची जोड द्यावी लागेल. २०२४ च्या मे महिन्यात येथील तापमान ४९ अंशांपर्यंत पोहोचले. अशा हवेत फरसबंद चौक, दगडी बाक आणि शोभेची खुजी झुडपे ही सकाळी आठनंतर निरुपयोगी मालमत्ता ठरते. तेवढ्याच पैशांत लावलेली कडुनिंबाची किंवा पिंपळाची रांग वीस वर्षांनी रस्त्याचेच रूपांतर बैठकीत करते. मात्र वीस वर्षांनी मिळणाऱ्या सावलीचे उद्घाटन करता येत नाही, ही तिची अडचण.

जून २०१७ मध्ये झाशीची स्मार्ट सिटी अभियानात निवड झाली. अभियानातून देशभर चौकांचे सुशोभीकरण, रोषणाई, भित्तिचित्रे, उद्याने अशी कामे झाली. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सुशोभीकरण आणि नगररचना यांतील फरक पाहायचा तर लक्ष्मी तालच पाहावा. या तळ्याचे प्रदूषण आणि त्यावरील अतिक्रमण हा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तळ्यात सांडपाणी येत राहिले, तर काठावरचा पदपथ कितीही देखणा केला तरी तेथे कोणी थांबत नाही. काठाचा दर्जा पाण्यावर ठरतो आणि पाण्याचा दर्जा तळ्यापासून दूर असलेल्या नाल्यांवर.

किल्ल्याभोवतीची जागा हे याहून गुंतागुंतीचे उदाहरण. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. भर वस्तीत मोकळी राहू शकेल अशी जागा शहराला अनायासे मिळाली, असे त्यावरून वाटेल. परंतु बांधकाम नसलेली जागा आपोआप सार्वजनिक होत नाही. तेथे शिरण्याची वाट, बसण्याची सोय आणि देखभालीची जबाबदारी ठरली नाही, तर तिचा वाहनतळ होतो किंवा उकिरडा. पुण्यात शनिवारवाड्यापुढचे पटांगण सभांनी आणि मेळाव्यांनी लोकांचे झाले. झाशीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्ताकाशी मंच आहे, महोत्सवही होतात. उरलेल्या दिवसांत मात्र या परिसराला शहराच्या रोजच्या जीवनात स्थान कसे मिळेल, हा प्रश्न पुरातत्त्व खाते, नगर निगम आणि विकास प्राधिकरण या तिघांच्या कक्षांत विभागलेला आहे.

फेरीवाल्यांचा मुद्दाही येथेच येतो. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला गाडा वाहतुकीला अडथळा वाटतो, पण संध्याकाळी त्याच्याच दिव्यामुळे एकटी स्त्री त्या वाटेने निर्धास्त जाऊ शकते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचा निकष ठरवला आहे आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. रस्त्याची आखणी करतानाच ही जागा सोडली, तर पुढे हटाव मोहिमा काढाव्या लागत नाहीत.

नव्या औद्योगिक नगराला या सगळ्यात एक मोठी सोय आहे, ती म्हणजे त्याची पाटी कोरी नाही. ३३ गावे म्हणजे तितकीच वस्तीस्थाने, त्यांच्या पायवाटा, देवळांचे ओटे, तळी. बुंदेलखंडातील तळी उताराचे पाणी अडवून केलेली असतात. त्यांच्या जागा निवडताना जमिनीचा जो अभ्यास झाला, तो शतकांच्या अनुभवाचा आहे. त्यांना कायद्याचेही पाठबळ आहे. २००१ मध्ये उत्तर प्रदेशातीलच एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तळी व तत्सम सामाईक जमिनी राखणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. राज्याच्या महसूल संहितेतही तलाव, खळे, चराई आणि स्मशान यांच्या जमिनींवर खासगी हक्क निर्माण होऊ नये, अशी तरतूद आहे.

गावाच्या महसूल नकाशात अशा प्रत्येक जमिनीला स्वतंत्र गट क्रमांक असतो. नगराचा आराखडा त्याच नकाशावर ठेवून पाहिला, तर कोणता क्रमांक उद्यान झाला, कोणता रस्त्याखाली गेला आणि कोणता भूखंडात विरला, हे कोणाही नागरिकाला ताडून पाहता येईल.