खूण जुळते, ठिणगी चुकते

इंजिनाचे काम पुरे झाले, पुलीवरची खूण जुळली. तरी गॅरेजमधील जुनी अॅम्बेसेडर सुरू होईना. कार्बोरेटरमधून नुसते फटाके! सायंकाळी गिऱ्हाईक येणार होते.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँक 2 वेळा फिरतो, तेव्हा डेल्को एकदाच. म्हणून खूण दोनदा जुळते. पण ठिणगी हवी दाबाच्या स्ट्रोकला. वडिलांनी पहिला प्लग काढून भोकावर माझे बोट ठेवले, इंजिन हाताने फिरवले. हवेने बोट ढकलले, तशी खूण जुळवली. रोटर मात्र चौथ्या प्लगच्या तारेकडे! ठिणगीचा क्रम 1-3-4-2, म्हणजे चौथा अगदी उलट बाजूस. डेल्कोचा शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवताच इंजिन धडधडले.

मित्रहो, वडील चौथीच शिकले. परंतु कारण शोधायची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो.