लाकूड भिंतीवर, भार जमिनीवर

घराला लागून असलेल्या खोलीत सुतारकाम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना जागा कधी पुरत नाही. फळ्या कोपऱ्यात तिरक्या उभ्या राहतात आणि चार महिन्यांनी काढाव्या तर एखादीला बाक आलेला, दुसरीला पीळ पडलेला. सागवानाच्या भावात घेतलेला माल जळणात जातो. भिंतीवर मांडणी केली तर हे टळते. मात्र घरात लेकरे वावरतात, त्यामुळे ठोकाठोकीपूर्वी थोडा हिशेब करावा.

सुकलेले सागवान घनफुटाला साधारण 18 किलो भरते. 9 घनफूट माल 160 किलोंच्या घरात जातो. चार ब्रॅकेटांवर वाटला तरी एकेकाच्या वाट्याला 40 किलो. हे वजन नुसते खाली दाबत नाही, ब्रॅकेटचे वरचे टोक भिंतीतून उपटू पाहते. हात दीड फुटी असेल तर भाराचा मध्य भिंतीपासून 9 इंचांवर येतो. वरच्या-खालच्या बोल्टांत 6 इंचांचेच अंतर असले की वरच्या बोल्टावर 60 किलोंचा ओढा बसतो. तोच हात उंच खांबाला जोडून बोल्टांत 60 इंच अंतर ठेवले, तर ओढा 6 किलोंवर येतो. एका खांबावर असे चार हात बसवले तरी 24 किलोच! म्हणून सुटे ब्रॅकेट स्वस्त पडले तरी आम्ही ते सुचवणार नाही. अखंड खांब लावावेत आणि त्यांचे पाय जमिनीवर टेकवावेत. मग ओझे जमीन पेलते, भिंतीने खांब पुढे कलू द्यायचा नाही, एवढेच.

9 इंची विटांच्या भिंतीत अँकर बोल्ट विटेच्या मध्यावर घ्यावा, सांध्यात नको. गिलावा काही धरत नाही; त्याची जाडी वजा करून बोल्टाची लांबी ठरवावी. लाकडी गुट्टीचा भरवसा नाही, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात सैल होते. साडेचार इंची आडभिंत किंवा मातीतले जुने बांधकाम असेल तर बोल्ट आरपार काढून मागे लोखंडी पट्टी द्यावी.

खांब ओळंब्यात हवेत, आणि सर्व खांबांवरचे हात एका पातळीत. एखादा हात खाली राहिला तर फळी तिथे झोल घेते. इंची फळीला दोन ते अडीच फुटांवर खांब पुरतात, पातळ पट्ट्यांना जवळ लावावे लागतात. हाताचे टोक किंचित वर उचललेले असावे, म्हणजे माल पुढे घसरत नाही. अँगलचे हात केले तर त्यांवर लाकडी रीप ठोकावी, कारण दमट हवेत लोखंड टेकले की सागावर काळे डाग उठतात, आणि ते रंध्याने सहज निघत नाहीत. भिंत आणि माल यांत दोन इंच मोकळे ठेवावे, ओल्या भिंतीची ओल लाकूड ओढून घेते.

जड माल खाली, हलका वर. डोळ्यांच्या उंचीवरच्या टोकांना फडके गुंडाळावे. प्लायवूडचे ताव हातांवर आडवे टाकू नयेत, ते काठावर उभेच बरे.

गाळा भाड्याचा असेल तर भोके पाडण्यापूर्वी मालकाला विचारावे. तो नाही म्हणाला, तर हेच खांब पाठीला पाठ लावून, खाली रुंद पाया देऊन दोन्ही बाजूंना सारखा माल भरण्याची घोडी करता येते. तिला भिंत लागत नाही.