अडकलेला दस्ता आणि साठ वॅटचा दिवा

पावसाळ्यात घराचे दार चौकटीत घट्ट बसते. वैशाखात एका बोटाने उघडणाऱ्या त्याच दाराला आषाढात खांद्याचा धक्का द्यावा लागतो. मग आपण सुताराला बोलावतो, तो रंधा मारून कड तासून देतो आणि काम भागते. पण जिथे रंधा चालवताच येत नाही, अशा जागी लाकूड फुगून बसले तर काय करायचे?

हा प्रश्न माझ्यापुढे १९९८ च्या पावसाळ्यात आला. मी तेव्हा कोकणातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि राष्ट्रीय छात्र सेनेचा छात्रही होतो. आमच्याकडे कवायतीच्या दोन जुन्या ‘थ्री-नॉट-थ्री’ बंदुका होत्या. दोन्ही गोळी झाडण्यास निकामी केलेल्या. एकीचा दस्ता कुजलेला, तर दुसरीचे धातूचे भाग गंजलेले. दोन्हींचे चांगले भाग जुळवून एक बंदूक तयार करावी, असे दुरुस्तीसाठी आलेल्या हवालदारांनी ठरवले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. मदतीला आम्ही तिघे छात्र होतो.

बंदुकीची रचना

या बंदुकीचे खरे नाव ली-एनफील्ड. जेम्स पॅरिस ली याने तिच्या खटक्याची रचना केली आणि लंडनच्या उत्तरेस असलेल्या एनफील्ड येथील कारखान्यावरून नावाचा दुसरा भाग आला. नळीचा आतील व्यास ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून ‘थ्री-नॉट-थ्री’. १९०७ साली स्वीकारलेला तिचा ‘मार्क तीन’ हा नमुना आपल्या देशात पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे.

या बंदुकीचे लाकूड अखंड नसते. नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे आणि खांद्याला टेकवायचा दस्ता वेगळा. दस्त्याचे पुढचे टोक पोलादी खोबणीत बसते. दस्त्याच्या लांबीतून आरपार एक भोक असते. त्यातून एक लांब बोल्ट जातो आणि खोबणीच्या भिंतीतील आट्यांत फिरून दस्त्याला आवळून धरतो. बोल्टचे डोके मागच्या धातूच्या पट्टीतील झाकणाआड, भोकात खोल असते. तिथपर्यंत पोचायला लांब पेचकस लागतो.

आणखी एक बारकावा आहे. बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते. ते भिंतीतून पार जाऊन पुढच्या लाकडाच्या मागील टोकाला बसवलेल्या एका धातूच्या पट्टीत अडकते, म्हणून बंदूक कितीही हादरली तरी बोल्ट सैल होत नाही. साहजिकच दस्ता काढायचा तर आधी पुढचे लाकूड उतरवले पाहिजे.

हे मला ठाऊक नव्हते. उस्ताद चहाला गेले असताना कुजलेल्या दस्त्याच्या बंदुकीवर मी पेचकस चालवला. बोल्ट फिरेना, म्हणून जोर केला. ‘कट्’ असा आवाज झाला. बोल्टच्या चौकोनी टोकाने पट्टी फिरवली होती आणि पट्टीने पुढचे लाकूड उभे चिरले होते. उस्ताद परत आले. त्यांनी भेगेवरून अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाले, “आता दुसरीचं लाकूड मोडलं तर जोडायला काही उरणार नाही, पोरांनो.”

बोल्ट निघाला, दस्ता निघेना

दुसऱ्या बंदुकीचे पुढचे लाकूड उस्तादांनी स्वतः उतरवले. मग बोल्ट सहज निघाला. दस्ता मात्र जागचा हलेना. आवळणारा बोल्टच नाही, मग त्याला कोणी धरून ठेवले होते?

उत्तर घर्षणात आहे. दोन पृष्ठभागांमधील घर्षण हे त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते. इथे हा दाब फुगलेल्या लाकडाचा होता. लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतील बाष्प शोषून फुगतात, पण सर्व दिशांना सारख्या नाहीत. तंतूंच्या लांबीच्या दिशेत फरक जवळजवळ नगण्य असतो. आडव्या दिशेत मात्र आर्द्रता १ टक्क्याने बदलली की अक्रोडासारख्या लाकडाची रुंदी सुमारे ०.२ टक्का बदलते. दस्त्याचे तंतू बंदुकीच्या लांबीत धावतात, म्हणजे तो नेमका आडवा, खोबणीच्या भिंतींच्या दिशेने फुगतो.

दुसरे कारण जवसाच्या तेलाचे. दस्त्याला हे तेल चोळण्याची जुनी पद्धत आहे. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि कडक थर बनतो. खोबणीत झिरपलेले असे तेल कालांतराने सरसासारखे काम करते.

लोखंड तापवावे का?

आमच्यापैकी एकजण शेतकऱ्याचा मुलगा होता. तो म्हणाला, “बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तसं करू. लोखंड तापवलं की फुगेल.” कल्पना चांगली होती, पण हिशेब करून पाहू.

पोलाद १ अंश सेल्सिअसने तापले की त्याची लांबी मूळ लांबीच्या दशलक्षांश १२ भागांनी वाढते. चाकाचा व्यास दीड मीटर धरला तर धावेचा परिघ सुमारे ४.७ मीटर होतो. ती ४०० अंशांनी तापवली तर

४७०० × ०.००००१२ × ४०० = सुमारे २२.५ मिलिमीटर

एवढा परिघ वाढतो आणि धाव चाकावर सहज चढते. आता आपली खोबण ३० मिलिमीटर रुंद धरू. ती ४०० अंशांनी तापवता येत नाही. आतले लाकूड जळेल आणि पोलादाला दिलेले पाणीही उतरेल. लाकूड सोसेल इतपत, म्हणजे १३ अंशांनी तापवली तर

३० × ०.००००१२ × १३ = सुमारे ०.००५ मिलिमीटर

केसाच्या जाडीपेक्षाही हे कितीतरी कमी! म्हणजे लोखंड फुगवण्याचा मार्ग बंद. उरला एकच, लाकूड आकसवण्याचा.

दिव्याची पेटी

उस्तादांनी एक लाकडी खोका मागवला, त्यात साठ वॅटचा दिवा बसवला आणि वर-खाली भोके पाडली. दस्त्यापासून दिवा दूर ठेवून बंदूक आत टांगली. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तापमापक मी आणून लावला. तो ४० अंशांवर स्थिरावला. बाहेर पाऊस कोसळत होता. अशा हवेत लाकूड वाळणार कसे, अशी मला शंका होती.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. बाहेरचे तापमान २७ अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. २७ अंशांना बाष्पाचा संपृक्त दाब २६.७ मिलिमीटर पारा असतो. त्याच्या ८५ टक्के म्हणजे २२.७ मिलिमीटर एवढा बाष्पदाब हवेत आहे. हीच हवा पेटीत ४० अंशांपर्यंत तापते. तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण ४० अंशांना संपृक्त दाब ५५.३ मिलिमीटर असतो. म्हणून

२२.७ ÷ ५५.३ × १०० = सुमारे ४१ टक्के

केवळ १३ अंशांच्या फरकाने कोकणातील आषाढाची हवा पेटीपुरती देशावरच्या उन्हाळ्यासारखी कोरडी झाली होती! ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १८ टक्के पाणी धरून ठेवते, तर ४१ टक्क्यांच्या हवेत फक्त सुमारे ८ टक्के. शिवाय बोल्टचे भोक मोकळे झाल्यामुळे कोरडी हवा थेट खोबणीतल्या टोकापर्यंत पोचत होती.

८० अंश का नकोत, असे मी विचारले. कारण सोपे आहे. घाई केली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला तसाच राहतो, आणि त्या ओढाताणीत लाकूड तडकते.

आम्ही रोज वाण्याकडून वजनकाटा आणून बंदूक तोलत असू. दहा दिवसांत वजन ३५ ग्रॅमने घटले. दस्त्याचे कोरडे लाकूड सुमारे ७०० ग्रॅम धरले तर ही घट ५ टक्के होते. रुंदीतील फरक ५ × ०.२, म्हणजे १ टक्का. ३० मिलिमीटरचा १ टक्का म्हणजे ०.३ मिलिमीटर! पोलादाच्या प्रसरणाने मिळाले असते त्याच्या साठपट.

शेवटचा ठोका

उरला होता तेलाचा थर. दस्त्यावर बाजूने हातोडा मारण्याचा मोह होतो, पण ती तरफ आहे. दस्ता खोबणीच्या बाहेर ३५ सेंटिमीटर आणि आत जेमतेम अडीच सेंटिमीटर धरला, तर मागच्या टोकावरचे बल खोबणीच्या तोंडाशी सुमारे चौदापट होऊन लाकूड चिरते.

उस्तादांनी बोल्ट पुन्हा आत घातला आणि बरेचसे आटे बसल्यावर शेवटचे थोडे मोकळे ठेवले. मग एकाने दस्ता घट्ट धरला आणि बोल्टच्या डोक्यावर दांडा टेकवून लाकडी मोगरीने हलके ठोके दिले. ठोका सरळ अक्षावर बसत होता. तो पोलादी भागाला पुढे ढकलत होता आणि दस्ता मागे धरलेला होता. चौथ्या ठोक्याला कोरडा ‘टक्’ आवाज झाला आणि दस्ता हातात आला, अखंड. त्याच लाकडांची जुळवलेली बंदूक पुढच्या प्रजासत्ताक दिनी संचलनात होती. ती खांद्यावर घ्यायचा मान मात्र मला मिळाला नाही, आणि ते योग्यच होते!

करून पाहा

बंदुकीला हात लावण्याचे काम जाणत्या आणि अधिकृत माणसाचेच. पण त्यामागचे तत्त्व घरी पडताळता येते. सुताराकडून आंब्याच्या फळीचा १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी तुकडा आणा. प्लायवूड नको, कारण त्यात तंतूंचे थर एकमेकांना आडवे असतात. तंतूंच्या दिशेत आणि आडव्या दिशेत रेघा आखून मापे घ्या. तुकडा दोन दिवस पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. आडव्या दिशेत दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसेल, उभ्या दिशेत पट्टीला तो कळणारही नाही. मग तुकडा सावलीत वाळवा आणि रोज तोलून आलेख काढा.

आणि पुढच्या आषाढात दार अडकले, तर रंधा मागवण्यापूर्वी थोडा विचार करा. तासलेले लाकूड उन्हाळ्यात परत येत नाही. शोषलेले पाणी मात्र परत जाते, त्याला वेळ द्यावा लागतो एवढेच.