रुग्णालयजन्य सांसर्गिक अतिसार आणि निदानपरिवर्जन

शस्त्रक्रियेसाठी किंवा न्यूमोनियासाठी दाखल झालेला वृद्ध रुग्ण मूळ व्याधीतून बरा होऊन घरी परततो आणि थोड्याच दिवसांत त्याला वारंवार द्रवमलप्रवृत्ती होऊ लागते. पथ्य बिघडले असावे, असे समजून नातेवाईक त्याला वैद्यांकडे आणतात किंवा दुकानातून जुलाब थांबविणारी गोळी परस्पर नेतात. अशा वेळी रुग्णालयातील वास्तव्य व प्रतिजैविके यांविषयी विचारलेला एक प्रश्न रुग्णाचे प्राण वाचवू शकतो.

हेतू व संप्राप्ती

प्रतिजैविकांनंतर उद्भवणाऱ्या गंभीर अतिसाराचे प्रमुख कारण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू होय. १९३५ साली तो नवजात अर्भकांच्या मलात प्रथम आढळला. मात्र प्रतिजैविकांनंतरच्या बृहदांत्रशोथाशी त्याचा संबंध १९७८ साली स्पष्ट झाला. निरोगी आतड्यातील सहवासी जंतू त्याला वाढू देत नाहीत. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन, फ्लुरोक्विनोलोन यांसारख्या औषधांनी हे संरक्षण ढासळते, जंतू वाढतो आणि त्याच्या विषांमुळे आतड्याच्या अंतस्त्वचेस शोथ येतो. मलातून बाहेर पडलेले त्याचे बीजाणू खाटा, मलपात्रे व हात यांवाटे दुसऱ्या रुग्णापर्यंत पोहोचतात.

मार्गदर्शक तत्त्वे

आयडीएसए व शिया या अमेरिकी संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील प्रतिबंधाचे मुख्य मुद्दे असे :

१. २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा नव्याने द्रवमलप्रवृत्ती झाल्यास व अन्य कारण दिसत नसल्यास मलपरीक्षा करावी. गेल्या ४८ तासांत रेचक दिले असल्यास परीक्षेचा निष्कर्ष दिशाभूल करू शकतो.

२. रुग्णास स्वतंत्र खोली व शौचालय द्यावे. सेवकवर्गाने हातमोजे व अंगरखा वापरावा. जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास ही दक्षता चालू ठेवावी.

३. मलाशी संपर्क आल्यास हात साबण व पाण्यानेच धुवावेत. अल्कोहोलयुक्त द्रवाने बीजाणू मरत नाहीत. साथ असताना पृष्ठभागांसाठी बीजाणुनाशक, उदाहरणार्थ क्लोरीनयुक्त, द्रावण वापरावे.

४. अनावश्यक प्रतिजैविके टाळावीत. कारणीभूत औषध शक्य तितक्या लवकर थांबवावे.

यांपैकी शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरावा. इंग्लंडमध्ये २००६ नंतर या व्याधीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड येथील अभ्यासकांच्या विश्लेषणानुसार, या घटीचे प्रमुख कारण फ्लुरोक्विनोलोनच्या वापरावरील नियंत्रण हे होते. स्वच्छता आवश्यक आहेच. परंतु हेतू दूर केल्यावाचून व्याधी आटोक्यात येत नाही. आपल्या शास्त्रातील निदानपरिवर्जनाचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

आपले कर्तव्य

गेल्या तीन महिन्यांत रुग्णालयात राहिलेल्या किंवा प्रतिजैविके घेतलेल्या अतिसारी रुग्णास कर्पूररसासारखे अहिफेनयुक्त कल्प देण्याची घाई करू नये. आमावस्थेत स्तंभन करू नये, हा चरकाचार्यांचा दंडक येथे विशेष स्मरणीय आहे. जलक्षय भरून काढावा आणि मलपरीक्षेसाठी पाठवावे. ज्वर, आध्मान, तीव्र उदरशूल, सरक्त मल किंवा मूत्राल्पता दिसल्यास रुग्णास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात हलवावे. जुलाब एकाएकी थांबून पोट फुगणे हे सुधारणेचे नव्हे, तर धोक्याचे लक्षण असू शकते.

पंचकर्म रुग्णालयांनी बस्तियंत्र, मलपात्र व शय्या यांच्या शुद्धीकडे अधिक लक्ष द्यावे. अशा रुग्णाचे बस्तिसाहित्य अल्कोहोलने पुसून दुसऱ्यासाठी वापरणे सर्वथा अयोग्य होय.

औषधविक्रेत्यांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ अनुसूचीनुसार सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन इत्यादी औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ही केवळ कागदोपत्री औपचारिकता नव्हे. चिठ्ठीवाचून मागितलेले प्रतिजैविक नाकारणे हाच येथे प्रतिबंध आहे. ज्या रुग्णाचा अतिसार आपल्या नकारामुळे टळला, तो आपल्याला कधी कळणार नाही; तरीही हा नकार रोज देत राहिला पाहिजे.